अजिंक्यतारा, बैठका आणि भाकरी : पावसातही न तुटणारा व्यायाम, मोजून केलेलं जेवण

गडवाट

जानेवारीत पहाटे साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या गाडीरस्त्यावर गर्दी असते आणि मृगाच्या सरी आल्या की निम्मी मंडळी दिसेनाशी होतात. दोष आळसाला दिला जातो. खरी गफलत आखणीत असते : एकच व्यायाम, तोही उघड्यावरचा, आणि खाण्याचं ‘बघू सोमवारपासून’. सातारा-सांगलीच्या हवेला आणि इथल्या ताटाला धरून एक आखणी मांडतोय. जाणकारांनी या धाग्यावर खाली आपापल्या नावाने भर घालावी, चुकेल तिथे कान धरावा.

पहिलं काम, पडत्या आठवड्याचं किमान ठरवणं. लग्नसराई, गावची जत्रा, शिफ्ट बदलली, चार दिवस पावसाने उघडीप दिली नाही, अशा आठवड्यातही जे होईलच तेवढं. माझ्या मते ते असं : ताकदीचा व्यायाम २ वेळा, प्रत्येकी २० मिनिटं आणि भरभर चालणं ३ वेळा, प्रत्येकी ३० मिनिटं. एरवीच्या आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं माप धरा : मध्यम जोराची हालचाल १५० ते ३०० मिनिटं, शिवाय मोठ्या स्नायूंचा व्यायाम किमान २ दिवस. कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्यापेक्षा बराच कमी व्यायाम पुरतो, फक्त वजन किंवा अवघडपणा उतरवायचा नाही. दम मात्र लवकर जातो, २-३ आठवड्यांच्या खाड्यात चढावर कळतंच. म्हणून किमानातूनही चालणं काढलेलं नाही.

चढाई. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटरवर, शहरातून साधारण ३०० मीटर चढ. पहिले २ आठवडे अर्ध्या रस्त्यावरून मागे फिरा. वेग असा हवा की पूर्ण वाक्य बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. घड्याळातल्या कमाल नाडीच्या ‘२२० वजा वय’ या आकड्याच्या नादी लागू नका, तो फार ढोबळ आहे. आणि मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या बीपी-हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर नाडी तेवढी वाढतच नाही. बोलता येण्याची कसोटी तिथेही चालते.

घरचा ताकदीचा व्यायाम पाच हालचालींत बसतो : बसणं-उठणं, ढकलणं, ओढणं, कमरेतून वाकून उचलणं, पोट ताठ धरणं. खुर्चीला टेकून उठण्याच्या बैठका १० च्या ३ फेऱ्या. जोर आधी भिंतीवर, मग ओट्यावर, मग जमिनीवर, ८ च्या ३ फेऱ्या. पाण्याची बादली एका हाताने कमरेपर्यंत ओढणं, प्रत्येक बाजूला १० च्या ३ फेऱ्या. बादलीत १० लिटर पाणी म्हणजे १० किलो, पाणी कमी-जास्त केलं की वजन बदललं. पाठीच्या पिशवीत ज्वारी भरून वाकून उचलणं, १० च्या २ फेऱ्या. शेवटी प्लँक, म्हणजे कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं, २०-३० सेकंद. दोन फेऱ्यांमध्ये दीड मिनिट विश्रांती. फेरी संपताना ‘अजून २ निघाले असते’ असं वाटलं पाहिजे. १२ च्या ३ फेऱ्या आरामात निघायला लागल्या की अवघडपणा एक पायरी वर.

चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांनी आणि बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. चढताना छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, यातलं काही झालं तर ‘थोडं उरलंय, जाऊ वर’ करायचं नाही. तिथेच बसायचं आणि मदत बोलवायची.

मोजपट्टी

आखणी बरी आहे. पण गड चढून वजन उतरतं हा समज आधी काढून टाकू.

७० किलोचा माणूस ३०० मीटर वर गेला की ७० × ९.८१ × ३०० म्हणजे सुमारे २०६ किलोज्यूल काम झालं, सुमारे ५० किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता साधारण २५ टक्के धरली तर शरीराने त्यासाठी जाळले सुमारे २००. रस्त्याच्या लांबीचे वेगळे मिळतील, तरी खाली उतरून एक वडापाव आणि साखरेचा चहा घेतला की हिशेब जवळपास मिटला. चढाई दमासाठी, हृदयासाठी, शुगरसाठी, झोपेसाठी करा. वजन ताटात उतरतं.

मोजायचं तर वजनापेक्षा पोटाचा घेर मोजा. टेप बेंबीवर नाही, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही धोक्याची रेघ मानतात. वजनाचा काटा रोज सकाळी एकाच वेळी, आणि बघायची ती आठवड्याची सरासरी. खारट रस्सा चापून झालेल्या रात्रीनंतर काटा एक-दीड किलो वर गेला तर ती चरबी नसते, मिठाने धरलेलं पाणी आणि आतड्यात असलेलं अन्न असतं. दोन दिवसांत उतरतं. लोक नेमके त्याच सकाळी निराश होऊन सोडून देतात.

तालीमवाला

बादलीची कल्पना आवडली. जोर-बैठकांवर वाढलेल्यांना हेच सांगावं लागतं : त्यात ढकलणं भरपूर, ओढणं नाही. नुसते जोर मारत राहिलं की खांदे पुढे वळतात आणि वर्षभरात खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. जेवढे जोर तेवढं ओढणं, हा हिशेब ठेवा. जवळच्या बागेत किंवा मैदानावर सिंगल बार असेल तर नुसतं २०-३० सेकंद लोंबकळण्यापासून सुरुवात करा.

आखाड्यातली बैठक आणि खुर्चीची बैठक एक नाही. आखाड्यातल्या बैठकीत टाचा उचलतात, गुडघे बोटांच्या पुढे जातात, हात मागून पुढे झोक्याने येतात. ती लयीत, मोठ्या संख्येने मारायची गोष्ट आहे, आणि लहानपणापासून सवय असेल तर गुडघे ती सोसतात. पस्तिशीत पहिल्यांदा करणाऱ्याने थेट ती धरू नये. २-३ महिने टाच जमिनीवर ठेवून, ढुंगण मागे नेऊन, खुर्चीला टेकून उठायचं. नंतर खुर्चीऐवजी बुटका स्टूल.

जोरांत नेहमी दिसणारी चूक : कंबर आधी खाली पडते आणि छाती नंतर जाते. मग सगळा भार कमरेच्या मणक्यांवर. पोट आवळा, कोपर अंगापासून साधारण ४५ अंशांवर ठेवा, खाली जायला २ सेकंद घ्या. असे ८ झाले तर घाईच्या २५ पेक्षा बरे.

पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही तो भाग सोडा, सवय नसताना अती केलं तर स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

कृष्णाकाठ

सांगलीत गड कुठून आणायचा, राव? इथे सगळं सपाट. चढाला पर्याय जिना. मजल्याला साधारण ३ मीटर धरा : चार मजले चढले की १२ मीटर, १० फेऱ्या केल्या की १२० मीटर. उतरताना कठड्याला हात, घाई नाही. आठवड्यातून दोनदा पुरे.

आमचा शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा व्यायाम सकाळी ७ च्या आत आटपा. संध्याकाळी डांबर आणि भिंती तापलेल्याच असतात, त्यामुळे साडेसातच्या आधी पळायला जाण्यात अर्थ नाही. तासाभराच्या आतल्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. त्याहून जास्त, घाम निथळेपर्यंत असेल तर पाण्यासोबत पातळ ताक चिमूटभर मीठ घालून. बीपीवाल्यांनी मीठ न घालता. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा, घाम अचानक थांबणं ही उष्माघाताकडे जाणारी वाट आहे. सावली, ओलं फडकं, वारा, आणि बोलण्यात गोंधळ वाटला तर दवाखाना.

आणि भडंगाला कोणी हलका नाश्ता म्हणू नका. चुरमुरे हलके, पण तेल, शेंगदाणे आणि मीठ हलकं नाही. बेदाणाही तसाच : ३० ग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅम साखर. मूठभर खा, वाटीभर नको.

पाटावरवंटा

ताटाकडे येते. आपल्या जेवणात दोष भाकरीचा नाही, तिच्या शेजारी काय आणि किती याचा आहे.

स्वयंपाकघरात ५०० रुपयांच्या आतबाहेरचा वजनकाटा घ्या आणि फक्त २ आठवडे मोजा, पुढे डोळ्याला अंदाज येतो. सगळी मापं कच्च्या, कोरड्या वजनाची. एका मध्यम भाकरीला ५५ ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं : सुमारे १८५ किलोकॅलरी, साडेपाच ग्रॅम प्रथिनं. गावाकडची दांडगी भाकरी ९०-१०० ग्रॅमचीही असते, त्यामुळे ‘दोनच खाल्ल्या’ याला अर्थ नाही.

६० किलोच्या, व्यायाम करणाऱ्या माणसाने प्रथिनं किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरावीत, म्हणजे ६०-७२ ग्रॅम. भारतीय शिफारस ०.८३ ची आहे, ती साध्या प्रौढासाठी. हिशेब मांडून बघा : सकाळी २ अंडी १२, दुपारी २ भाकरी ११, ४० ग्रॅम मटकीची उसळ ८, वाटीभर (१५० ग्रॅम) दही ५, मधल्या वेळेला ३० ग्रॅम फुटाणे ६, रात्री १ भाकरी आणि ४० ग्रॅम बेसनाचं पिठलं मिळून १४, दिवसभराच्या चहातलं १५० मिली दूध ५. झाले ६१. अंडी नको असतील तर २५ ग्रॅम सोयाचे वडे (कोरडे) म्हणजे १३. डबा-पावडरीची गरज बहुतेकांना नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे आकडे तुमचे नाहीत, डॉक्टर सांगतील तेवढंच.

मोड आणल्याने प्रथिनं वाढतात असं म्हणतात, ते खरं नाही. पाणी शोषल्यामुळे १०० ग्रॅम मोडांत ती कमीच भरतात. पचायला सोपं जातं आणि क जीवनसत्त्व वाढतं, म्हणून मोड आणायचे. उसळीवर लिंबू पिळा, लोह शोषायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या, नाहीतर ते लोह वाया.

कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजम्याचा एक प्रकार) तर घरचा खजिना. पण नीट शिजवा : ८-१० तास भिजत, ते पाणी ओतून नव्या पाण्यात, कुकरला दाणा बोटाने दाबल्यावर पिठासारखा होईपर्यंत. अर्धकच्च्या घेवड्यातला लेक्टिन नावाचा घटक पोट बिघडवतो, उलट्या-जुलाब होतात. मंद आचेच्या भांड्यात थेट शिजायला टाकणं तर अजिबात नको, तेवढी उष्णता त्याला पुरत नाही.

अर्धं ताट भाजीचं ठेवायचं म्हणतात. आपल्याकडे ते जमत नाही कारण भाजी चमचाभर आणि भाकरी तीन. मेथी, चाकवत, पोकळा, दोडका, गवार यातली एक शिजवलेली वाटी आणि काकडी-मुळा-कांदा हाताशी. आधी भाजी-उसळ निम्मी संपवा, मग भाकरी मोडा. शुगर जेवणानंतर कमी उसळते.

नवखा_४१५

घाण्याचं शेंगतेल वापरलं तर तेल कमी करायची गरज नाही ना?

पाटावरवंटा

आहे. घाण्याचं असो, डब्यातलं असो, १ ग्रॅमला ९ किलोकॅलरीच. वास आणि चव चांगली, तेवढ्यासाठी घ्या. माणशी रोज २५ ग्रॅम धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला ३ किलो, म्हणजे साधारण ३.३ लिटर. पहिल्या तारखेला तेवढंच एका बरणीत काढा आणि कोणत्या तारखेला संपतं ते बघा. कूट आणि खोबरं यातली चरबी वेगळी आहे बरं का. ३० ग्रॅम शेंगदाणे सुमारे १७० किलोकॅलरी. कोशिंबीर, आमटी, चटणी, भाजी, सगळ्यात कूट पडत असेल तर दिवसाला ते सहज तिप्पट होतं.

मिठाचंही तसंच. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, शेव यातलं मीठ याच हिशेबात.

मोजपट्टी

त्याला जोडून गूळ. आपला ऊसपट्टा, त्यामुळे ‘साखर सोडली, गूळ धरला’ हे दर दुसऱ्या घरात. गुळातही बहुतांश साखरच, रक्तातली शुगर तशीच वाढते. ४ कप चहा, कपाला २ चमचे, चमचा ५ ग्रॅमचा : ४० ग्रॅम. दिवसाला २५ च्या आत ठेवायचं म्हणतात. कपाला अर्धा चमचा कमी करत ६ आठवड्यांत अर्ध्या चमच्यावर या, जीभ सावकाश जुळते. उसाच्या रसाचा २५० मिलीचा ग्लास ३० ग्रॅमच्या पुढे जातो.

सांधेजोड

गुडघ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. गड चढताना गुडघे बिघडत नाहीत, उतरताना बिघडतात. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्यात ताकद नसेल तर धक्का वाटीमागे जातो. म्हणून :

उतरताना पावलं आखूड, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही. उताराला सरळ रेषेत न उतरता रस्ता रुंद असेल तिथे नागमोडी. काठी कोपराच्या उंचीपेक्षा थोडी लांब, आणि पाऊल टाकायच्या आधी ती पुढे टेकवायची. गप्पा मारत पळत उतरणं बंद.

तयारी म्हणून घरी १५-२० सेंमी उंच पायरीवर एका पायाने उभं राहून दुसरी टाच ३ सेकंदांत सावकाश जमिनीला लावा आणि वर या. प्रत्येक पायाला ८ च्या २ फेऱ्या, आठवड्यातून ३ दिवस. गुडघा आत झुकत असेल तर पायरी कमी उंच घ्या. व्यायाम करताना १० पैकी ३ पर्यंतचं दुखणं चालतं, पण ते दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. सूज, गुडघा अडकणं, मध्येच पाय दगा देणं, यात व्यायाम नाही, तपासणी.

पावसाळ्यात पायवाट सोडा. शेवाळलेल्या दगडावर कुठलाच बूट धरत नाही. गाडीरस्त्याने जा. यवतेश्वर घाटात धुकं असेल तर पळायला जाऊ नका, आणि कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी तर नकोच, गाड्यांची रांग असते. हिल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी घाटातला सराव आठवड्याच्या मधल्या वारी ठेवावा, उजेड पडल्यावर, भडक कपड्यात.

शुगरवाले_काका

रिकाम्या पोटी जायचं की खाऊन? मतं फार ऐकली.

सांधेजोड

काका, गोळ्या कुठल्या त्यावर. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर उपाशी अर्धा-पाऊण तास चालायला सहसा हरकत नसते. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड किंवा इन्सुलिन असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, उपाशी गड नको. आधी मोजा, ९० च्या खाली असेल तर काही खाऊन निघा. खिशात ३ चमचे (१५ ग्रॅम) ग्लुकोज किंवा साखर. हात थरथरणं, घाम, चिडचिड वाटली की ती तोंडात, १५ मिनिटांनी परत मोजा. डोस स्वतः बदलायचा नाही. आणि जेवणानंतर १०-१५ मिनिटं घरातल्या घरात चाललात तरी जेवणानंतरच्या शुगरला चांगला उपयोग होतो. पायाला संवेदना कमी असेल तर अनवाणी नाही, बूट घालायच्या आधी आत हात घालून खडा बघा.

पाटावरवंटा

श्रावण-नवरात्रात हमखास गाडं घसरतं, म्हणून लिहून ठेवते. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, चमचाभर तूप : प्लेट सुमारे ४०० किलोकॅलरी, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य. त्याऐवजी वरीचे तांदूळ, दाण्याची पातळ आमटी, सोबत वाटीभर दही. किंवा राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी, काकडी आणि ताक; राजगिऱ्यात शेकडा १३ च्या आसपास प्रथिनं. उपवासाच्या दिवशी चालणं ठेवा, ताकदीचा व्यायाम दुसऱ्या दिवशी.

नवखा_४१५

एमआयडीसीत शिफ्ट दर आठवड्याला बदलते. त्याला यातलं काय लागू होतं?

गडवाट

वेळेऐवजी क्रम पकडा : झोप, उठल्यावर तासाभराने व्यायाम, मग मोठं जेवण, मग काम. सकाळपाळी सोडली तर पाळी कुठलीही असो, हा क्रम तोच.

रात्रपाळीत मोठं जेवण निघायच्या आधी घ्यायचं. मध्यरात्री कँटीनचा भात-रस्सा नको, डब्यात १ भाकरी, उसळ, काकडी. पहाटे ३ नंतर खायचं झालंच तर फुटाणे किंवा ताक. चहा पाळी सुटायच्या ६ तास आधी बंद, नाहीतर सकाळची झोप जाते. सुटल्यावर थेट गडावर जाऊ नका, झोप अर्धवट असताना उतारावर पाय घसरतात आणि परतीची दुचाकी त्याहून धोक्याची. घरी या, खोलीत काळोख करून झोपा, उठल्यावर बादली आणि खुर्ची.

रात्रपाळीचा आठवडा हा किमानाचा आठवडा समजा. सकाळपाळीच्या आठवड्यात दुपारी सुटल्यावर ऊन उतरलं की गड, दुसऱ्या पाळीत सकाळीच. पाळी बदलते त्या दिवशी फक्त चालणं.